नलू, तुझे तीन रकाने

नलू,

अकरा वाजले की माझे पाय अजून आपोआप चपलेत जातात. आज तर फाटकापर्यंत पोचले होते. पिशवीत मटार, मुठीत तुझ्या घराची किल्ली. आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर जरा खाली केला. मग मीच म्हटलं, "फाटक नीट लागलंय का बघत होते." हे म्हणाले, "हो, लागलंय." इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो, कुठे बोलायचं नाही ते.

तुला जाऊन दीड महिना झाला. इथल्या मराठी मंडळात शोकसभा झाली. तू किती शिकलेली, प्रयोगशाळेत कुठल्या हुद्द्यावर होतीस, किती मुलामुलींनी तुझ्या हाताखाली डॉक्टरेट केली, सगळं सगळ्यांनी सांगितलं. मलाही उभं केलं. मी सातवी पास बाई, पुड्यांचे कागद वाचून वाचून शहाणी झालेली. "नलू होती म्हणून..." एवढं म्हणाले आणि खाली बसले. आता म्हणतात मंडळाच्या अंकासाठी दोन पानं लिहून द्या. देईन. पण मी लिहितेय तुला. आणि तुला लिहायचं म्हणजे खरं लिहायला हवं, नाहीतर तू चष्म्यावरून बघशील.

तर खरं आधीच लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही. पुण्यातल्या त्या वृद्धनिवासाबद्दल मी तुला जे लिहून आणून दिलं, ते खरं नव्हतं. त्या कागदावर विसंबून तू लखनौलाच राहिलीस, आणि म्हणून त्या सकाळी न्हाणीघरात एकटी पडून राहिलीस. निदान मी तरी दीड महिना हेच म्हणत होते स्वतःला. आता नीट पहिल्यापासून सांगते.

तुझे तीन रकाने मला पहिल्यांदा दिसले ते मुलांच्या मराठी वर्गाच्या वेळी. आठवतंय? तू तेव्हा नोकरीत होतीस. मंडळाची मीटिंग, चहा गार झालेला, आणि आपले अध्यक्ष जोगळेकर म्हणाले, "रविवारचा वर्ग बंद करू या. मुलांना आवडच नाही मराठीची. पाच पोरं येतात, त्यातली दोन माझी नातवंडं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू. तू तेवढी वही काढलीस, पट्टी ठेवून दोन उभ्या रेघा मारल्यास. वर लिहिलंस, पाहिलं, ऐकलं, वाटलं.

"जोगळेकर, मुलांना आवड नाही हे तुम्ही पाहिलंत, ऐकलंत, की तुम्हाला वाटलं?"

"अहो नलिनीबाई, सगळ्यांना माहितीय ते."

"सगळ्यांना माहितीय हा चौथा रकाना झाला. तो माझ्या वहीत नाही."

जोगळेकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग तू माझ्याकडे वळलीस. "कुसुमताई, तुला अख्खं विकास नगर ओळखतं. घरोघरी जाऊन ये. आवडतं का, नाही का, असलं काही विचारू नकोस. रविवारी सकाळी दहा वाजता तू कुठे असतोस, एवढंच विचार."

मी गेले. एकेक सेक्टर घेतला, घरोघरी चहा पिऊन पिऊन पित्त झालं. एक म्हणाला, "आजी, संडे को तो कोचिंग में टेस्ट होता है." दुसरा म्हणाला, "टेस्ट." तिसरी म्हणाली, "मुझे तो आना है आजी, पर पापा संडे को उठते ही नहीं, छोड़ेगा कौन?" आणि तो तिवारींच्या शेजारचा चष्मेवाला, देशपांड्यांचा धाकटा, म्हणाला, "सच बोलूँ? बोर होता है यार." आजीला यार. तेही लिहून आणलं. तू ते वाचून हसलीस आणि म्हणालीस, "हे बघ, जोगळेकरांच्या बाजूचा एक निघाला. त्याच्यावर बोट ठेवून आधी वाच. आपल्या विरुद्धचं आधी वाचायचं."

वर्ग शनिवारी संध्याकाळवर गेला आणि चालला. अजून चालतो. मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, ते सोड.

त्या दिवसापासून मी तुझी चेलीच झाले. तू नियम सांगायचीस आणि मी ते स्वयंपाकघरात वापरायचे. पेनानं लिहायचं, म्हणजे खोडता येणार नाही. चुकलं तर गिरवून काळं करायचं नाही, वरून एकच रेघ मारायची, चुकलेलं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. आपलं मत लिहायचंच असेल तर पेन्सिलीनं. आणि एकाच माणसाच्या डोळ्यांवर काही ठरवायचं नाही. दुसऱ्याला पाठवायचं, आणि पहिल्यानं काय पाहिलं ते त्याला सांगायचं नाही, नाहीतर तो तेच बघून येतो. हा नियम मला पाठ होता, नलू. पुढे ज्या दिवशी आठवायला हवा होता, त्या दिवशी आठवला नाही.

उंदरांची गोष्ट तर मी किती जणींना सांगितली असेल. तुझ्या हाताखालच्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, औषध दिल्यावर उंदीर शांत झाले. तू तिला म्हणालीस, "शांत झाले हे तुला उंदरांनी सांगितलं का? तू काय पाहिलंस ते लिही." ती म्हणाली, "मॅडम, कोने में बैठे थे." "मग तेवढंच लिही. कोपऱ्यात बसले. घाबरून बसले असतील, आजारी असतील, कंटाळले असतील. शांत हा शब्द तुझा आहे, त्यांचा नाही." मी हे ऐकून घरी आले आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे कोपऱ्यात बसले होते. इतकी वर्षं मी त्यांना शांत समजत होते.

चौक बाजारात चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घ्यायला गेलो तेव्हाचं तर विचारू नकोस. दुकानदार छातीला हात लावून म्हणाला, "बहनजी, पूरा हाथ का काम है, खुदा कसम." तू म्हणालीस, "खुदा को बीच में क्यों लाते हैं भैया, कपड़ा पलट दीजिए." त्यानं उलटवला. मागचे टाके तू चष्मा कपाळावर चढवून बघितलेस, मला दाखवलेस, "हे बघ, हातानं काम करणारी बाई गाठ कुठे मारते ते." आणि तो कुर्ता घेतलासच तू. काम खरंच हातचं होतं. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "आप तो कारीगर निकलीं." तू म्हणालीस, "नहीं, शक्की निकली." येताना रिक्षात आपण किती हसलो.

आपलं भांडण एकाच गोष्टीवर होतं. तिसरा रकाना.

मी म्हणायचे, "अगं, वाटलं ह्यावरच तर जग चालतं. नवरा कसा पत्करला मी? पाच मिनिटं बघितला, पोह्याची बशी पुढे केली. घर कसं घेतलं? दारात उभी राहिले आणि वाटलं. तुझ्या पाहिलं-ऐकलंनं माणूस दुकानातून कुर्ता आणेल, घर नाही करायचा."

तू म्हणायचीस, "मी कुठे म्हणते वाटू देऊ नका? म्हणून तर रकाना ठेवलाय. पण ठरवताना त्यावर हात ठेवायचा, झाकायचा."

"झाकायचाच आहे तर लिहायचा कशाला?"

"लिहिला नाही तर तो गप्प बसत नाही, कुसुमताई. हळूच पाहिलंमध्ये घुसतो."

केवढं मोठं बोललीस तू तेव्हा. मी मात्र म्हटलं होतं, "तुझं लग्न झालं नाही ते ह्याच रकान्यामुळे." तुला लागलं का गं ते? तू हसली होतीस. पण हसलीस हे मी पाहिलं, लागलं नाही हे मला वाटलं. बघ, शिकलेय मी.

तू निवृत्त झालीस आणि आपलं अकराचं सुरू झालं. मी स्वयंपाक आटपून यायचे, आपण कोरा चहा घ्यायचो, मटार असले तर मटार, नाहीतर कोथिंबीर निवडायची, आणि जगाचे निर्णय करायचे. मग एका थंडीत तुला ताप आला, तीन दिवस तू अंथरुणात होतीस, गुडघेही तेव्हापासून जास्तच बिघडले. पुण्याहून तुझा भाचा मंदार रोज फोन करायला लागला. मावशी, इकडे ये. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर चांगलं वृद्धनिवास आहे, डॉक्टर आहेत, मराठी माणसं आहेत.

त्याच उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या मुलाची मुंज पुण्याला होती. तू म्हणालीस, "दोन तास काढ. ते घर माझ्या डोळ्यांनी बघून ये." आणि रकाने आखलेला कागद दिलास. पाठीमागे तुझ्या बारीक अक्षरात काय काय बघायचं ते. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का. बेल वाजवली की किती वेळानं कोण येतं. दुपारी चार वाजता माणसं काय करतात. एकमेकांशी बोलतात का.

आता हे लिहिताना हात थांबतोय बघ.

मी गेले. नलू, चांगलं होतं ते घर. न्हाणीघरात दोन दोन दांड्या होत्या. मी हळूच बेल दाबून बघितली. मनात वीस म्हणायच्या आत एक पोरगी धावत आली, "काय हवं काकू?" मी म्हटलं, चुकून दाबली. चार वाजता व्हरांड्यात सात-आठ बायका पत्ते खेळत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणत होती, "चोरटे, पान खाली ठेव." मला म्हणाल्या, बसा की, एक हात कमीच पडतोय. आणि मला तिथे तू दिसलीस. खरंच दिसलीस. त्या रिकाम्या खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून, सगळ्यांचे पत्ते मोजत. तुला फार छान बसत होतं ते.

आणि मग मला चारबाग स्टेशन दिसलं. मी तुला गाडीत बसवायला आलेय, गाडी हललीय, आणि मी एकटी टेंपोत बसून विकास नगरला परत येतेय. अकरा वाजता कुठे जायचं ते माहीत नाही.

फाटकाशी एक आजी खुर्चीवर बसल्या होत्या, रस्त्याकडे बघत. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. विचारलं, "कोणाची वाट बघताय?" म्हणाल्या, "रिक्षाची. बहिणीकडे चाललेय." रिक्षा आली, त्या बसल्या, मला हात केला आणि गेल्या.

मी भाचीच्या घरी येऊन पेन काढलं. आणि पाहिलं ह्या रकान्यात लिहिलं, "माणसं फाटकाकडे बघत बसलेली असतात. कोणी कोणाशी बोलत नाही." दांड्या लिहिल्या, तेवढं खरं लिहिलं. बेल लिहिली नाही. पत्ते लिहिले नाहीत. तिसरा रकाना कोरा ठेवला. मला काही वाटलंच नव्हतं, असं.

परत आल्यावर तू कागद दोनदा वाचलास.

"किती जण होते फाटकाशी?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"मोजले नाहीत गं. मुंजीची घाई होती."

तू चष्म्यावरून बघितलंस. मी उठून चहाचे कप विसळायला घेतले. विसळलेले होते ते.

दोनेक आठवड्यांनी तू एकदम म्हणालीस, "मंदारला कळवलं मी. नाही जात." मी त्या दिवशी तुझ्याकडे शिरा केला. आठवतंय? तू विचारलंस, "आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, रवा उरला होता." सबंध आयुष्यात माझा रवा कधी उरलेला नाही, नलू.

त्यानंतर मी तुझं किती केलं म्हणशील. अकराला यायचे ती आता दुपारपर्यंत थांबायला लागले. डबा, गोळ्या, गुडघ्याला तेल. तू म्हणायचीस, "ताई, माझ्यावर काही उपकार फेडतेयस का?" मी म्हणायचे, "गप गं." न्हाणीघरात दांडी लावून घे म्हणून मागे लागले, तर तू म्हणालीस, होळीनंतर बघू. मिस्त्री आला, टाइल फुटेल म्हणाला, परत गेला. मीही पुढे रेटलं नाही. दांडी हा शब्द काढला की मला त्या घरातल्या दोन दांड्या आठवायच्या.

त्या सकाळी धुकं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. त्यात भाजीवाल्याकडे चांगले मटार आले होते, कोवळे, साल तोंडात विरघळेल असे. मी वेचून घेत बसले. "भैया, ये दाना देखो, ये नहीं चलेगा," असं त्याच्याशी घोळ घालत. तुझ्याकडे पोचायला सव्वाअकरा. किल्लीनं दार उघडलं, हाक मारली. न्हाणीघरातून आवाज आला, "इकडे."

तू खाली होतीस. पाय वेडावाकडा. ओठ निळे. मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "किती वाजले?"

"सव्वाअकरा."

"मी सातला पडले. लिहून ठेव, डॉक्टर विचारतील."

चार तास आणि वर पंधरा मिनिटं. गार फरशीवर. आणि मी त्यातला शेवटचा वेळ मटार निवडत होते.

दवाखान्यात नऊ दिवस. पायाचं ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. चौथ्या दिवशी तू जरा बरी होतीस, बोलत होतीस. मी ठरवून गेले होते की आज सांगायचंच. तुझा हात हातात घेतला. म्हटलं, "नलू, ते पुण्याचं घर..."

तू म्हणालीस, "मटार कसे होते?"

"अगं, ऐक ना माझं."

"फेकले की काय? कोवळे होते म्हणालीस."

तेवढ्यात सिस्टर आली, "आंटी, मिलने का टाइम हो गया. कल आइए." मी म्हटलं, उद्या सांगते. तू डोळे मिटलेस आणि मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तुला नळी घातली होती. त्यानंतर तू बोलली नाहीस.

तर हे असं. दिवस झाल्यावर मंदार घर आवरायला आला. चांगला मुलगा आहे. कपाटातल्या वह्या बघून म्हणाला, "काकू, ह्या तुम्हीच ठेवा. मावशीचं अक्षर तुम्हालाच लागतं." मी पिशवीत भरून आणल्या आणि महिनाभर हात लावला नाही. चार दिवसांपूर्वी उघडल्या. तो पुण्याचा कागद एका वहीत चिकटवलेला होता. तुझी सवय, चारी कोपऱ्यांना खळ लावून, नीट.

माझ्या त्या ओळीखाली, "माणसं फाटकाकडे बघत बसलेली असतात" ह्याच्याखाली, तू पेन्सिलीनं रेघ ओढली आहेस. रेघेला बाण काढलायस. बाण पहिल्या रकान्यातून निघतो, ऐकलं ओलांडतो आणि माझ्या कोऱ्या ठेवलेल्या वाटलंमध्ये जाऊन थांबतो.

मी किती वेळ तो बाण बघत बसले ते मोजलं नाही.

समोरच्या पानावर तुझे स्वतःचे रकाने आहेत. वर लिहिलंयस, जावं की राहावं. ऐकलंमध्ये लिहिलंयस, "मंदार जाऊन आला, त्याला काही सांगितलं नव्हतं. म्हणतो, बेल वाजवली की लगेच येतात. बायका पत्ते खेळतात." म्हणजे तू दुसरा माणूस पाठवलास. अर्थात पाठवलास. मी तरी काय समजून खोटं लिहिलं, तुझी चेली असून. मी मंदारला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "हो काकू, तुम्ही येऊन गेल्यावर आठवड्यानं मावशीनं मला पाठवलं होतं. तुम्ही काय बघितलं ते नाही सांगितलं मला. का हो?"

मी म्हटलं, "काही नाही रे. तिचा नियम होता."

आणि पाहिलंमध्ये, नलू, तुझ्या पेनानं एकच ओळ आहे. "कुसुमताई रोज अकराला येते. मुंजीचे दिवस सोडून चार वर्षांत नागा सहा."

तू माझे खाडे मोजत होतीस? सहा कुठले ते मी आठवायचा प्रयत्न केला. दोन ह्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. एक ग्रहण. बाकी आठवत नाहीत. तुला आठवत असतील.

तुझा वाटलं कोरा आहे. म्हणजे अगदी कोरा नाही. वरच्या टोकाला पेन्सिलीचा एक ठिपका आहे, टेकवून उचलल्यासारखा. काहीतरी लिहायला घेतलं होतंस आणि लिहिलं नाहीस.

दोन दिवस मला फार हलकं वाटलं. म्हटलं, तिला माहीत होतं. माझ्या खोट्यामुळे राहिली नाही ती, माझ्या येण्यामुळे राहिली. मी ह्यांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता रडू नकोस." पण तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडलं आणि मला कळलं की हे काही सुटलेलं नाही. मी रोज अकराला येते ह्यावर तू राहिलीस. आणि तू पडलीस सातला. अकराला येणारं माणूस सातला काय कामाचं, हे तुझ्यासारख्या बाईला दिसलं नसेल? तिथली बेल सातलाही वाजली असती. तुझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, समोरासमोर, दोन रकान्यांत. मग तू ठरवलंस कशावरून? तिसरा रकाना झाकलास का खरंच? की आयुष्यात एकदा हात काढलास?

हे भांडण आता मी जिंकले की हरले ते सांगायला तू नाहीस. जिंकले असं म्हणायला जीभ वळत नाही. असल्या जिंकण्याचं मी काय करू, त्यापेक्षा तू पुण्यात पत्ते खेळत असतीस आणि मला फोनवर म्हणाली असतीस, "कुसुमताई, तू लबाड आहेस," तर बरं झालं असतं. चारबागवरून एकटी परत यायची मला भीती वाटली, आणि बघ, एकटी तर राहिलेच.

माझ्यासाठी राहिलीस, असं मनात येतं. पण हे मी पाहिलेलं नाही. कोणाकडून ऐकलेलं नाही. ह्याची जागा मला माहीत आहे.

आज मटार घेऊन फाटकावरून परत फिरले आणि तुझी वही काढली. ह्यांचं पेन घेतलं. तुझा बाण तसाच ठेवला, ती तुझी पेन्सिल, त्याला मी कोण हात लावणार. माझ्या ओळीवर मात्र एक रेघ मारली. एकच, गिरवली नाही, खालचं सगळं वाचता येतं. आणि बाजूला, जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं,

"फाटकाशी एक आजी होत्या. रिक्षाची वाट बघत होत्या. रिक्षा आली, त्या गेल्या. बेल वाजवल्यावर वीस म्हणायच्या आत मुलगी आली. बायका पत्ते खेळत होत्या. एक खुर्ची रिकामी होती."

खाली सही केली. कुसुम.